सात नव्या पैशांचा खटला आणि पत्रकारितेचा वर्ग

१९६१ साली पुण्याच्या 'सकाळ'चा रोजचा अंक सात नव्या पैशांना मिळत असे. आठवड्यातले पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार पानं आणि रविवारचा अंक वेगळा. खप ५२ हजारांच्या घरात. केंद्र सरकारने १९५६ च्या एका कायद्याचा आधार घेऊन १९६० मध्ये आदेश काढला होता, की कोणत्या किमतीला किती पानं द्यायची हे आता सरकार ठरवेल. पुरवण्या किती काढायच्या, हेही त्यातच आलं. या हिशेबाने 'सकाळ'ला सहा दिवसांची मिळून ३४ पानं चालू ठेवायची तर अंकाची किंमत आठ नवे पैसे करणं भाग होतं. किंमत तीच ठेवायची तर पानं २४ वर आणावी लागणार होती. 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याच्या जोडीने काही वाचकांनीही याचिका केल्या. न्या. मुधोळकर यांनी लिहिलेल्या निकालात आदेश आणि त्यामागची तरतूद दोन्ही घटनाबाह्य ठरली. किंमत वाढवायला लावली तर वाचक कमी होतात, पानं कमी करायला लावली तर मांडायला जागा उरत नाही, आणि दोन्ही वाटांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच घाला येतो, असं न्यायालयाने सांगितलं.

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना हा खटला माध्यम कायद्याच्या तासाला भेटतो. निकाल पाठ करून परीक्षेत चार गुण मिळवता येतात. पण चांगला शिक्षक तेवढ्यावर थांबत नाही. सरकारची बाजूही वर्गात मांडली जाते: बड्या वृत्तपत्रांनी स्वस्तात भरपूर पानं देऊन छोट्यांना गिळू नये, म्हणून हा आदेश होता. हेतू चुकीचा होता का? न्यायालयाने म्हटलं, हेतू काहीही असो, अनुच्छेद १९ मध्ये निर्बंधांची जी कारणं दिली आहेत त्यांत हे कारण बसत नाही. मग छोट्या वृत्तपत्रांचं रक्षण कसं करायचं? आज बातमी मोबाइलवर वाचली जाते आणि ती कोणाला दिसावी हे दूरदेशीच्या कंपनीची गणितं ठरवतात, तेव्हा हाच प्रश्न कोणत्या रूपात समोर येतो? तासभर वाद चालतो आणि विद्यापीठात हा विषय का शिकायचा याचं उत्तर त्या वादातूनच मिळू लागतं.

बाहेरून पाहणाऱ्याला हा अभ्यासक्रम बहुधा माइक, कॅमेरा आणि स्टुडिओ एवढाच दिसतो. प्रत्यक्षात त्याचे दोन भाग आहेत. पहिला पत्रकारितेचा: बातमी मिळवणं, तपासणं, लिहिणं, संपादित करणं, पान लावणं, बुलेटिन तयार करणं. दुसरा भाग संज्ञापनाचा, म्हणजे माहिती माणसांपर्यंत कशी पोहोचते, पोहोचल्यावर तिचं काय होतं, कोणाचा आवाज ऐकला जातो आणि कोणाचा विरतो, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास. पहिल्या भागाने नोकरी मिळते. दुसऱ्याचं मोल पुष्कळांना दहा वर्षं काम केल्यावर कळतं.

या शिक्षणाविषयीचा संशय मात्र त्याच्या जन्माइतकाच जुना आहे. बातमीदारी वर्गात शिकवता येत नाही, ती डेस्कवर आणि रस्त्यावरच शिकावी लागते, असं मानणारे संपादक शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत होते आणि महाराष्ट्रात ते आजही भेटतात. जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रमालकाने कोलंबिया विद्यापीठाला पत्रकारितेच्या शिक्षणासाठी मोठी देणगी देऊ केली, तेव्हा त्याच्यावर टीका झाली. १९०४ मध्ये त्याने दीर्घ लेख लिहून तिला उत्तर दिलं. वकील आणि डॉक्टर विद्यापीठात घडतात, मग ज्याच्या शब्दावर लोकमत बनतं त्याने शिक्षणाशिवाय काम का करावं, असा त्याचा मुद्दा होता. कोलंबियातली शाळा सुरू झाली १९१२ मध्ये. पुलित्झर त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता.

तोवर मिसुरी विद्यापीठाने बाजी मारली होती. १४ सप्टेंबर १९०८ रोजी तिथे पत्रकारितेचे वर्ग सुरू झाले आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी आपल्या वृत्तपत्राचा पहिला अंक काढला. संस्थापक वॉल्टर विल्यम्स छापखान्यात उमेदवारी करून वर आलेले संपादक होते आणि त्यांच्याकडे स्वतःची विद्यापीठाची पदवी नव्हती. पुढे ते त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. शिकता शिकता खऱ्या वाचकांसाठी खरं वृत्तपत्र चालवायचं, ही त्यांची पद्धत आजही 'मिसुरी पद्धत' म्हणून ओळखली जाते. वर्ग की वृत्तपत्राची कचेरी, या वादाला दिलेलं याहून नेमकं उत्तर आजवर कोणी शोधलेलं नाही.

मराठीत या वादाला आणखी एक बाजू आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारे विद्वान होते. टिळक गणित आणि कायद्यातले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, तेव्हा तिथली पत्रकारितेची शाळा नुकतीच सुरू झाली होती. पण ते शिकले अर्थशास्त्र, आणि १९२० मध्ये 'मूकनायक' काढला तो त्या विद्वत्तेच्या आणि जगलेल्या अनुभवाच्या बळावर. 'सकाळ'चे संस्थापक नानासाहेब परुळेकरही कोलंबियात शिकलेले. अमेरिकन वृत्तपत्रं जवळून पाहून ते परतले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी 'सकाळ' सुरू केला. गावोगावी बातमीदार नेमून स्थानिक बातमीला मानाची जागा देण्याचा त्यांचा आग्रह मराठी दैनिकांना वळण लावून गेला. या सगळ्यांकडून आजच्या विद्यार्थ्याने घ्यावी अशी गोष्ट म्हणजे दुसऱ्या एखाद्या विषयाचा पक्का पाया. अर्थशास्त्र, शेती, कायदा, विज्ञान, इतिहास यांपैकी एकात पदवी घेऊन मग पत्रकारितेकडे वळणारा विद्यार्थी वर्गात आणि पुढे कचेरीतही वेगळा उठून दिसतो. ज्याला ताळेबंद वाचता येतो, त्याला साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत काय दडवलं जातंय ते दिसतं.

भारतात विद्यापीठीय पत्रकारितेचं रोपटं अनेक ठिकाणी लावलं गेलं आणि ते सगळीकडे रुजलं नाही. अड्यारला ॲनी बेझंट यांच्या प्रेरणेने आणि अलीगढला झालेले प्रयत्न अल्पजीवी ठरले. टिकला तो १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पी. पी. सिंह यांनी सुरू केलेला विभाग. फाळणीनंतर त्यालाही निर्वासित व्हावं लागलं. तो आधी दिल्लीला आला आणि मग चंदीगढला स्थिरावला. मद्रास, कलकत्ता, म्हैसूर इथे विभाग उभे राहिले. महाराष्ट्राच्या आजच्या नकाशावर पहिला मान जातो नागपूरला. १९५२ मध्ये हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचं शिक्षण सुरू झालं आणि ते उभं करायला अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्सली फुलब्राइट योजनेखाली आले. भारतीय पत्रकारितेवर त्यांनी संपादित केलेलं पुस्तक १९५३ मध्ये निघालं.

नेमक्या त्याच वर्षांत न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग काम करत होता. १९५४ च्या त्याच्या अहवालातून पुढे वृत्तपत्र निबंधकाचं कार्यालय आणि प्रेस कौन्सिल आलं. वृत्तपत्र हा आता केवळ ध्येयवाद्यांचा खटाटोप राहिला नव्हता. तो उद्योग झाला होता आणि त्याला प्रशिक्षित माणसं लागणार होती. १९६४ मध्ये पुणे विद्यापीठाने आपला विभाग सुरू केला. पुढच्या वर्षी, १७ ऑगस्ट १९६५ रोजी, दिल्लीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन म्हणजे आयआयएमसी स्थापन झाली. तिच्या अमरावती केंद्रात आता मराठी पत्रकारितेचा स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम आहे. मुंबई विद्यापीठाने २००० च्या सुमारास 'बीएमएम' ही पदवी आणली आणि बारावीनंतर थेट माध्यमशिक्षणाकडे वळणारा मोठा ओघ सुरू झाला. पुढे मराठी माध्यमातूनही ती पदवी घेता येऊ लागली.

पुण्याचा विभाग सगळ्यांना ठाऊक आहे तो 'रानडे इन्स्टिट्यूट' याच नावाने. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या नावाची ही वास्तू फर्ग्युसन रस्त्यावर, ऐन गावात आहे. आवारातच परकीय भाषांचा विभाग. जिल्हा न्यायालय, महापालिका, आकाशवाणी केंद्र, बालगंधर्व रंगमंदिर हे सगळं चालत गाठण्याच्या अंतरावर. २०२१ मध्ये हा विभाग विद्यापीठाच्या मुख्य आवारातल्या दुसऱ्या माध्यम विभागात विलीन करण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी आंदोलनाला उतरले आणि प्रस्तावाला स्थगिती मिळाली. त्या विरोधात आठवणींचा ओलावा होताच, पण एक ठोस शैक्षणिक कारणही होतं. सकाळी व्याख्यान ऐकून दुपारी न्यायालयात बसता येणं, महापालिकेच्या सभेला जाऊन संध्याकाळी बातमी लिहून दाखवणं, ही या शिक्षणाची प्रयोगशाळा आहे. ती टेकडीपलीकडे नेली की दर दिवशी एक बस आड येते, आणि बस आड आली की विद्यार्थी वर्गातच बसून राहतो.

वर्गात नेमकं काय घडतं? सुरुवात बहुतेक ठिकाणी अपघाताच्या बातमीने होते. एसटी आणि ट्रकची धडक. पोलिस मृतांचा एक आकडा सांगतात, रुग्णालय दुसरा आणि प्रत्यक्षदर्शी तिसरा. विद्यार्थ्याला इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, लिहायचा आहे. नवखा विद्यार्थी सर्वांत मोठा आकडा उचलतो, कारण तो ठसठशीत वाटतो. शिक्षक लाल पेनाने विचारतात: कोणी सांगितलं? किती वाजता सांगितलं? त्यानंतर कोणी उपचार घेताना दगावलं का? मग विद्यार्थी आकड्यासोबत त्याचा स्रोत लिहायला शिकतो. 'ट्रकचालकाच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द त्याने सहज लिहिलेले असतात, आणि तपास पूर्ण होण्याआधी हा निवाडा तुम्ही कोणत्या अधिकाराने दिलात, असा दुसरा प्रश्न येतो. ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला तो संशयित किंवा आरोपी असतो, गुन्हेगार नसतो. ही गोष्ट सांगायला एक मिनिट लागतं आणि अंगवळणी पडायला पूर्ण सत्र. मराठी वाहिन्यांवरच्या पट्ट्या वाचल्या तर ही सवय किती मोलाची आहे ते कोणालाही पटेल.

त्यानंतर येतात आकडे, आणि कलाशाखेतून आलेल्या अनेकांना इथे घाम फुटतो. एखाद्या कराचा दर ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेला तर वाढ किती? 'दोन टक्के' हे उत्तर चूक आहे. दर दोन टक्केबिंदूंनी वाढला आणि कराचा बोजा ५० टक्क्यांनी वाढला. महापालिकेच्या अंदाजपत्रकात रस्त्यांसाठी केलेली तरतूद ही बातमी होते, पण गेल्या वर्षीच्या तरतुदीपैकी प्रत्यक्षात किती खर्च झाला हा तक्ता आतल्या पानांवर असतो आणि खरी बातमी बहुतेक वेळा तिथेच सापडते. महाराष्ट्राने २००२ मध्येच माहितीच्या अधिकाराचा कायदा केला होता, देशाचा कायदा २००५ चा. काही विभागांत प्रत्येक विद्यार्थ्याला या कायद्याखाली निदान एक अर्ज करायला लावतात. अर्ज कुठे द्यायचा, माहिती अधिकारी कोण, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर अपील कसं करायचं, हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. ही प्रथा प्रत्येक विभागाने सक्तीची करायला हवी.

कायद्याच्या तासाला काही गोष्टी ठामपणे, पर्याय न ठेवता शिकवाव्या लागतात. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं नाव देता येत नाही. नाव वगळून गाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय दिला तरी ओळख उघड होतेच, आणि बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम २३ त्याला मनाई करतं. छोट्या गावाची बातमी लिहिताना हे किती अवघड असतं, याची जाणीव वर्गात आधी झालेली बरी. तिथे आडनाव आणि आळी एवढंसुद्धा पुरतं.

नीतिमत्तेचा तास पुष्कळदा रटाळ होतो. उदाहरणं जवळची घेतली तर तो जिवंत होतो. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकच मजकूर शब्दन् शब्द वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला होता. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये हे प्रकरण उघडकीला आणलं आणि प्रेस कौन्सिलच्या समितीने 'पेड न्यूज'वर सविस्तर अहवाल तयार केला. ते अंक शेजारी शेजारी ठेवून वाचले की विद्यार्थ्यांना फार काही समजावून सांगावं लागत नाही. जाहिरातीला बातमीचा टाइप दिला की वाचकाची फसवणूक होते, हे त्यांना डोळ्यांनी दिसतं. पण त्यांचा पुढचा प्रश्न शिक्षकालाही अडचणीत टाकतो: नोकरीच्या पहिल्याच महिन्यात असा मजकूर टाकायला सांगितला तर काय करायचं? याचं प्रामाणिक उत्तर देणारे शिक्षक विद्यार्थी आयुष्यभर विसरत नाहीत.

संज्ञापनशास्त्राच्या वाट्याला मात्र मराठी विद्यार्थ्यांची नावड फार येते. लासवेल, शॅनन, विव्हर अशी नावं, बाणांच्या आकृत्या, इंग्रजी संज्ञा. दोष शिकवण्याच्या पद्धतीचा आहे, कारण विषय मुळात विलक्षण रसाळ आहे. १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मॅकॉम्ब्स आणि शॉ या दोन संशोधकांनी चॅपल हिल या गावातल्या, कोणाला मत द्यायचं हे न ठरवलेल्या १०० मतदारांना विचारलं, की तुम्हाला कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात. मग तिथे पोहोचणाऱ्या माध्यमांनी कोणत्या प्रश्नांना किती जागा दिली ते मोजलं. दोन याद्या जवळजवळ एकमेकींवर बसल्या. माध्यमं लोकांना काय विचार करावा हे सांगू शकतील किंवा नाही, पण कशाबद्दल विचार करावा हे मोठ्या प्रमाणात ठरवतात, असा निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. हा प्रयोग कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी करता येतो. दोन दैनिकांचे महिन्याभराचे अंक, एक फूटपट्टी आणि पन्नास माणसांशी बोलण्याची तयारी असली की झालं.

आणि या शास्त्रातला एक महत्त्वाचा प्रयोग तर महाराष्ट्राच्या मातीतच झाला आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, युनेस्कोच्या मदतीने, पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत श्रोत्यांची मंडळं स्थापन केली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. शेती, आरोग्य, साक्षरता, ग्रामपंचायत असे त्याचे विषय. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर चर्चा करायची. शंका आणि निर्णय टिपून केंद्राला कळवायचे आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांची, पण इथे तिची कसोटी फार काटेकोरपणे घेतली गेली.

मूल्यमापनाचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि पॉल न्यूरथ हे समाजशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. त्यांनी मंडळं असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली: रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं, आणि रेडिओच नाही अशी गावं. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळं असलेल्या गावांत लोकांचं ज्ञान ठळकपणे वाढलेलं दिसलं. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ अगदी किरकोळ होती. हा निष्कर्ष कायम डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. पेटीतून आवाज आला म्हणून माणसं शिकत नाहीत. ऐकलेलं चार माणसांत बोललं गेलं, प्रश्न विचारता आला आणि त्याचं उत्तर परत आलं, तेव्हा ती शिकतात. १९५९ पासून ही योजना देशभर नेली गेली. १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांपर्यंत दूरदर्शन पोहोचलं, तेव्हाही अभ्यासकांना याच प्रश्नांना सामोरं जावं लागलं.

या अभ्यासाला केवळ इतिहास म्हणून बाजूला ठेवता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागत फिरणाऱ्या या माणसांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली होती. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अफवेवर लोक का विश्वास ठेवतात, ती ओळखीच्या माणसाकडून आली की तिचं वजन कसं वाढतं, स्थानिक भाषेत खुलासा किती लवकर पोहोचायला हवा, बाहेरून आलेल्या भटक्या माणसाविषयीचा जुना संशय तिच्यात कसा मिसळतो, हे सगळे संज्ञापनाच्या अभ्यासाचे प्रश्न आहेत. १९५६ ची गावं आणि २०१८ चं गाव एकाच अभ्यासक्रमात शेजारी शेजारी शिकवली गेली, तर या विषयाला कोणी कोरडं म्हणणार नाही.

पण तसं शिकवायला मराठीत साधनं हवीत, आणि इथे परिस्थिती दुःखद आहे. रा. के. लेले यांचा मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासाचा ग्रंथ आहे आणि काही मोजकी चांगली पुस्तकं आहेत. पण संज्ञापन सिद्धान्त, संशोधनपद्धती, माध्यमांचं अर्थकारण, डेटा पत्रकारिता यांवर मराठीत लिहिलेलं, इथल्या उदाहरणांनी भरलेलं साहित्य फार थोडं आहे. परिणामी जिल्ह्यातून आलेला हुशार विद्यार्थी इंग्रजी नोट्स उतरवून घेतो आणि त्या न कळताच मराठीत परीक्षा देतो. ज्या भाषेत त्याला आयुष्यभर बातमी लिहायची आहे, तिच्यातच त्याच्या शास्त्राची पुस्तकं नसावीत, हे विद्यापीठांनी मनावर घ्यायला हवं. या विद्यार्थ्यांकडे दुसऱ्या कोणाकडे नसलेली शिदोरी असते. पीककर्ज, टँकर, ऊसतोड, रेशन, आश्रमशाळा हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. अशा विद्यार्थ्याला 'तुझ्या गावाची बातमी ही बातमीच आहे' असं पहिल्या आठवड्यात सांगणारा शिक्षक भेटला, तर त्याची लेखणी मोकळी होते. मराठी डेस्कवर आजही मोठा मजकूर वृत्तसंस्थांच्या इंग्रजी कॉपीवरून येतो, म्हणून अनुवादाचा कसून सराव हवा. तो मात्र अनेक अभ्यासक्रमांत एखाद्या घटकापुरता उरला आहे.

नोकऱ्यांचं चित्र संमिश्र आहे आणि ते पालकांना स्पष्ट सांगितलेलं बरं. दैनिकांत आणि वाहिन्यांत सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, तालुक्याच्या वार्ताहराला तर मानधनावर भागवावं लागतं आणि त्याच्याकडून जाहिरातीही आणायची अपेक्षा असते. पदवीधरांपैकी पुष्कळजण जनसंपर्क, जाहिरात, समाजमाध्यमांचं व्यवस्थापन, स्वयंसेवी संस्था, शासनाची माहिती खाती इकडे वळतात. त्यात कमीपणा काही नाही. नीट लिहिता येणं आणि लोकांशी नीट बोलता येणं सगळीकडेच लागतं. दुसरीकडे नवी कामंही निर्माण झाली आहेत. बातम्यांची पडताळणी करणाऱ्या संस्था, पॉडकास्ट, नकाशे आणि तक्त्यांतून बातमी मांडणं, ही त्यांतली काही. जुलै २०२३ मध्ये ओडिशातल्या एका वाहिनीने 'लिसा' नावाची यंत्रनिर्मित वृत्तनिवेदिका आणली. समोरचा मजकूर वाचून दाखवणं यंत्राला जमतं. ग्रामसभेला जाऊन शेवटच्या रांगेतली बाई उठून काय म्हणाली आणि तिला कोणी खाली बसवलं, हे टिपायला माणूस लागतो. जे विभाग अजूनही निवेदन आणि चकचकीत स्टुडिओ याच गोष्टींवर प्रवेश मिळवतात, त्यांनी याचा विचार करावा.

प्रवेश घेताना काय पाहावं, हे विद्यार्थी नेहमी विचारतात. खासगी संस्थांचं शुल्क लाखांत जातं, सरकारी विद्यापीठांचं त्या मानाने पुष्कळ कमी असतं. पण शुल्क आणि उपकरणं यांच्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. विभाग विद्यार्थ्यांचं नियतकालिक किंवा संकेतस्थळ नियमित चालवतो का, आणि ते विभागाबाहेरचं कोणी वाचतं का? शिकवणाऱ्यांत प्रत्यक्ष बातमीदारी केलेले आणि संशोधन केलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक आहेत का? आणि ग्रंथालयात जुन्या मराठी दैनिकांच्या बांधीव फायली किंवा त्यांच्या डिजिटल प्रती आहेत का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण विद्यार्थ्यांनी फायली चाळण्याची सवय जिथे जपली आहे, तिथले विद्यार्थी 'पहिल्यांदाच' हा शब्द जपून वापरतात.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक मिळतात. त्याचा उपयोग शहरातल्या कचेरीत चहा आणि टायपिंग करण्यात घालवू नये. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं 'पारी' हे ग्रामीण भारताचं संग्रहालय विद्यार्थ्यांकडून गावांतल्या माणसांच्या कामाच्या नोंदी करून घेतं आणि त्या तपासून, संपादित करून प्रसिद्ध करतं. सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र ९०.४ वर चालतं आणि माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागात माणदेशी बोलीत लोकांशी बोलतं. पुणे विद्यापीठाचं स्वतःचं 'विद्यावाणी' १०७.४ वर आहे. न्यूरथ यांनी १९५६ मध्ये विचारलेले प्रश्न घेऊन एखाद्या विद्यार्थ्याने आज माणमधल्या बायकांच्या बचतगटात बसावं: कार्यक्रम ऐकून त्यावर बोलता का, कोणाला प्रश्न विचारता, उत्तर परत येतं का, आणि तीच माहिती व्हॉट्सॲपवर आली तर तिचं काय करता. हा प्रबंध मराठीत लिहिता येईल आणि त्यातली माणसंही तो वाचू शकतील.